आधी सुटे भाग, मग गाडी

सारंगखेड्याच्या यात्रेत मिळणाऱ्या रिमोटच्या गाडीला दोनच गोष्टी येतात : सुसाट धावणं आणि उभं राहणं. चाकंही एकतर पूर्ण डावीकडे वळतात, नाहीतर पूर्ण उजवीकडे. जरा हळू चाल, थोडंसं वळ, असं तिला सांगता येत नाही. मोटर जळाली की गाडी संपली. ती मोटर सुटी मिळत नाही, आणि मिळाली तरी आत हात जाईल अशी सोय कुणी ठेवलेली नसते. दत्तजयंतीला घेतलेली अशी गाडी संक्रांतीपर्यंत टिकली, तर घरातले लोक पैसे वसूल झाले म्हणतात.

छंदवाले जिला ‘हॉबी ग्रेड’ म्हणतात ती आरसी कार वेगळी. ट्रिगर जितका ओढाल तितका वेग, रिमोटवरचं चाक जितकं फिरवाल तितकं वळण. पण माझ्या मते खरा फरक तो नाहीच. एवढं तर हल्ली बऱ्या खेळण्यातही मिळू लागलंय. खरा फरक कागदावर असतो. गाडीच्या खोक्यातून एक आकृती निघते. तिच्यात सगळी गाडी सुटी करून मांडलेली असते आणि प्रत्येक तुकड्याला नंबर असतो : पुढचा खालचा आर्म, त्याची पिन, पिनेची क्लिप, बेअरिंग, सगळ्यांना. माझ्या दाजींनी ती आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते म्हणाले, “हे तर ट्रॅक्टरच्या पार्ट बुकासारखं आहे.” अगदी तसंच. तो नंबर सांगून तेवढाच तुकडा विकत आणता आला, तर गाडी हॉबी ग्रेड. नंबर आहे पण माल कुठेच मिळत नाही, तर ते नुसतं महागडं खेळणं.

दाजींचं घर शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेकडे तापीचं खोरं, मधल्या काळ्या जमिनीत कापूस, ऊस, केळी आणि पपई. भाचा आयटीआयला आहे. पपईच्या हंगामात गाड्या भरायला जाऊन त्याने पैसे साठवले, वरचे आजीने घातले. एकूण बारा हजार. “मामा, एवढ्यात कोणती येईल?” असं त्याने विचारलं तोवर त्याचा मोबाइल गाड्यांच्या फोटोंनी भरून गेला होता, आणि प्रत्येक फोटोवर वेगाचा आकडा ठळक अक्षरांत होता. ६०. ७०. एकीवर तर ९०.

मी त्याला हिशेब करायला लावला. त्यांच्या गल्लीत काँक्रीटचा सरळ तुकडा पन्नासेक मीटर असेल. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक. गल्ली तीन सेकंदांत संपली. वाटेत म्हशी बांधलेल्या, ओट्यावर बाया बसलेल्या, मध्येच एखादं पोर धावत येणार. ते दिसून बोट मागे घेईपर्यंत गाडी पाच मीटर पुढे गेलेली असते. शिवाय खोक्यावरचा आकडा नुकती भरलेली बॅटरी, गुळगुळीत डांबर आणि विक्रेत्याचा उत्साह या तिघांचा मिळून असतो.

म्हणून गाडी बघण्याआधी आम्ही जमीन बघितली. ही पायरी लोक का गाळतात कळत नाही. शेत घेताना आधी माती बघणारा माणूस गाडी घेताना फक्त फोटो बघतो.

गल्लीतलं काँक्रीट चांगलं होतं, पण सांध्यांवर उंचवटे आलेले. मोकळ्या जागी मुरूम. त्यावर गाडी मजेत घसरते आणि टायर लवकर झिजतात. शेतात मात्र तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली ढेकळं : मुठीएवढं वाळलेलं ढेकूळ लहान गाडीला दगडासारखंच लागतं. दुसरी ठिबकची नळी. सोळा मिलिमीटरची नळी आपण न बघता ओलांडतो, पण १/२४ मापाच्या गाडीचं पोट तिच्यावर टेकतं आणि चारही चाकं हवेत फिरत राहतात. तिसरी गोष्ट मला तिथे जाईपर्यंत सुचलीही नव्हती : कापूस. वेचणीनंतर बांधावर, रस्त्यावर, दारात सगळीकडे कापसाच्या पुंजक्यांचे तंतू उडत असतात. ते फिरत्या अ‍ॅक्सलवर गुंडाळले जातात आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये घुसतात. आणि पावसाळ्यात काळी माती टायरला अशी चिकटते, की चाकं गोल राहत नाहीत. तेव्हा चार महिने गाडी शेतात न्यायचीच नाही, हे आधीच ठरलं.

जमिनीने अर्धी यादी कापली. गुळगुळीत फरशीवर आडवं घसरत जायला बनवलेल्या ड्रिफ्ट कार गेल्या. १/२४ आणि १/२८ मापाच्या छोट्या गाड्या गेल्या, त्या घरातल्या. मापाचा अर्थ सरळ आहे, १/१० म्हणजे खऱ्या गाडीचा दहावा हिस्सा, लांबी साधारण चाळीस सेंटिमीटर. त्या मापाला जगभर सर्वात जास्त माल मिळतो, पण बॅटरीपासून टायरपर्यंत सगळंच मोठं आणि महाग. १/१८ स्वस्त, पण आमच्या ढेकळांना कमी. मध्ये १/१४ आणि १/१२ चा एक वर्ग आहे, बहुतेक चिनी बनावटीचा. डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही त्यातली प्रसिद्ध. धातूची चासी, चारही चाकांना जोर, ५५० मापाची मोटर, ७.४ व्होल्टची बॅटरी. गेल्या काही वर्षांत कमी पैशांत छंद सुरू करणाऱ्यांची भिस्त याच वर्गावर आहे.

भाच्याच्या एका मित्राचं म्हणणं होतं, की घ्यायची तर इंजिनवाली घे. नायट्रो गाडीचा आवाज आणि धूर मोटारसायकलवाल्या पोरांना भुरळ घालतो खरा. पण तिला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं तयार मिश्रण लागतं. ते मिळवायचं कुठून आणि पाठवणार कोण, इथेच गाडी अडते. त्यात इंजिन बसवून घेणं, ग्लो प्लग तापवणं, कार्ब्युरेटरची सुई लावणं. हा दुसरा-तिसरा छंद आहे.

माझा स्वतःचा कल क्रॉलरकडे होता. डब्ल्यूपीएल कंपनीचे १/१६ मापाचे छोटे ट्रक निम्म्याहून कमी पैशांत येतात, चालतात माणसाच्या चालीने, दगडांवर चढतात, आणि उघडून त्यांत काय वाटेल ते बदलता येतं. पडले तरी हळू पडतात, म्हणून मोडत नाहीत. नवशिक्याला याहून शहाणी गाडी नाही असं माझं आजही मत आहे. भाच्याने व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, “मामा, याच्यापेक्षा आपली बैलगाडी जोरात पळते.” पैसे त्याचे होते. क्रॉलर गेला.

तामिया सोडताना मात्र मला जड गेलं. जपानमधल्या शिझुओकाच्या या कंपनीने १९७६ मध्ये १/१२ मापाची पोर्शे ९३४ रिमोटवर चालवली आणि हा छंद घराघरांत आणला. १९८४ ची त्यांची ग्रासहॉपर ही बग्गी २००५ मध्ये पुन्हा बाजारात आली. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा आर्म आज विकत मिळावा, ही या धंद्यात सर्वात मोठी गोष्ट आहे. शिवाय तामियाचा संच तुकड्यांत येतो आणि आपण जोडायचा असतो. ज्याने गाडी स्वतः जोडली, त्याला ती उघडायची भीती उरत नाही. पण संचाची किंमत बघून हरखून जाऊ नये. खोक्यात रिमोट नाही, रिसीव्हर नाही, सर्व्हो नाही, बॅटरी नाही, चार्जर नाही. टीटी-०२ सारख्या लोकप्रिय चासीत बेअरिंगच्या जागी प्लास्टिकच्या बुश येतात. आमच्या धुळीत त्या झिजून जाणार, म्हणजे बॉल बेअरिंगचा संच पहिल्याच दिवशी घ्यायचा. बेरीज केली तर बारा हजार कधीच मागे पडले होते. अमेरिकेतल्या ट्रॅक्सससारख्या कंपन्यांच्या तयार गाड्यांकडे तर आम्ही बघितलंच नाही.

या किमती अशा का, हे भाच्याला सांगावं लागलं, कारण परदेशी संकेतस्थळावरचा डॉलरचा आकडा रुपयांत करून तो मला दुकानदार लुटतात असं पटवत होता. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा झाला. त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, सरकारने अलीएक्सप्रेसवर बंदी घातली होती. या छंदातली पोरं तिथूनच पाच-पाच डॉलरचे सुटे भाग मागवायची. गाडी एकदाच येते, ती कुणीतरी आणतोच. पण एका आर्मसाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून आज भारतात प्रश्न गाडीचा कमी आणि तिच्या मागून येणाऱ्या मालाचा जास्त आहे.

मग आम्ही उलट्या बाजूने निवड सुरू केली. भाच्याला सांगितलं, गाडीचं पान बंद कर, सुट्या भागांचं पान उघड. नवशिक्याच्या हातून काय मोडतं हे ठरलेलं असतं : पुढचा खालचा आर्म, पुढच्या चाकाला धरणारा कप, सर्व्होला धक्का लागू नये म्हणून असलेला सर्व्हो सेव्हर, मोटरवरचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन, आणि ते ज्या मोठ्या चाकाला फिरवतं तो स्पर गिअर. या पाच वस्तू भारतातल्या विक्रेत्याकडे, भारतातल्या गोदामात, आज आहेत का? ज्या गाडीच्या निदान चार वस्तू नाहीत, ती यादीतून बाहेर.

फोनही केले. एका दुकानदाराने ठणकावून सांगितलं, “पार्ट लगते ही नहीं सर, गाड़ी बहुत मजबूत है.” भाच्याने लगेच त्या गाडीवर काट मारली. ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, फवारणी पंप सारं मोडताना बघत वाढलेल्या मुलाला अशा बोलण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याने प्रश्नांना उत्तरं न देता व्हॉट्सअॅपवर एका फडताळाचा फोटो पाठवला; नंबर लिहिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या रांगेने टांगलेल्या. शेवटी गाडी घेतली ती त्याच्याकडूनच, १/१४ ची फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गी.

मधे दोन तांत्रिक गाठी होत्या. या किमतीच्या अनेक गाड्यांत रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, म्हणजे ईएससी, एकाच पाटीवर असतात. एक गेलं की दोन्ही गेले. हे टाळता आलं तर उत्तम. नाही आलं, तर ती पाटी सुटी मिळते ना एवढं तरी बघायचं. दुसरी गाठ स्टिअरिंगच्या सर्व्होची. त्याच्या वायरी मोजायच्या. तीन असतील तर तो जगभराच्या मापाचा. तो गेला तर पुण्याच्या रोबू डॉट इनसारख्या ठिकाणाहून त्याच आकाराचा दुसरा आणता येतो. पाच असतील तर सर्व्होचा अर्धा मेंदू गाडीच्या पाटीवर आहे, आणि त्याच कंपनीच्या दारात उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही. विक्रेते हे लिहीत नाहीत. फोटो मोठा करून बघावं लागतं.

ब्रशलेस मोटरचा मोह भाच्याला होताच. तीन वायरींची ती मोटर जास्त पळते, कमी तापते, आणि तिच्यात झिजणारे ब्रश नसतात. पण तिचा जोर पुढे गिअर, डिफरन्शियल, शाफ्ट यांच्यावर पडतो, आणि मोडतात ते. शेजारी विहिरीच्या मोटरींचं वाइंडिंग करणारे एक काका आहेत. त्यांनी आमची चर्चा ऐकून एकच प्रश्न विचारला, “कार्बनची आहे ना? मग घ्या. कळेल तरी काय झालं ते.” कार्बनच्या, म्हणजे ब्रशवाल्या मोटरचा आवाज बदलतो, वास येतो, कम्युटेटर काळा पडतो. बिघाडाची वर्दी ती आधी देते, आणि गेली तर ५५० मापाची नवी मोटर स्वस्तात येते.

पैशांची वाटणी वहीत लिहिली. बारा हजारांपैकी गाडीला आठ, त्याहून एक रुपया जास्त नाही. उरलेल्या चारांत दुसरी बॅटरी, बॅलन्स चार्जर, बॅटरीचे व्होल्ट दाखवून ओरडणारा छोटा अलार्म, दोन आणि दीड मिलिमीटरच्या चांगल्या अ‍ॅलन की, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचं निळं थ्रेडलॉकर, आणि त्या पाच सुट्या वस्तूंपैकी आर्म, कप आणि पिनियन. खोक्यात येणाऱ्या मऊ लोखंडाच्या चावीने स्क्रूचं तोंड एकदा गोल झालं, की तो काढायला ड्रिल लावावं लागतं. चावीवर खर्च करायला लोक का कचरतात, हे मला आयटीआयच्या पोरालाही विचारावं लागलं.

गाडी आधी आली, बॅटरी मागून. लिथियम बॅटरी विमानमालात धोकादायक समजली जाते, त्यामुळे सुटी बॅटरी बहुधा रस्त्याने येते. कुरिअरवाल्याने शहाद्यातूनच फोन केला, गाव लांब पडतं, येऊन घेऊन जा. भाचा आयटीआयवरून येताना घेऊन आला. तो पार्सलसकट थेट ओट्यावर बसला आणि गाडी सुरू न करता उघडली, याचं मला बरं वाटलं.

कारखान्यातून आलेल्या स्वस्त गाडीत काही स्क्रू जेमतेम बसवलेले असतात, काही गरजेपेक्षा जास्त आवळलेले. धातूत जाणारे स्क्रू एकेक काढून थ्रेडलॉकर लावून परत बसवले. प्लास्टिकमधले नुसते तपासले. तिथे जोर केला की आटे जातात. मग पिनियन आणि स्पर यांच्यातलं अंतर. मोटरचे स्क्रू सैल करून दोन्ही गिअरांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घातली, मोटर दाबून धरली, स्क्रू आवळले, कागद फिरवून बाहेर काढला. दात कागदावर उमटले पाहिजेत, कागद फाटता कामा नये. घट्ट असेल तर मोटर तापते, ढिलं असेल तर दात झिजतात. हे काम भाच्याला एकदाच दाखवावं लागलं. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

बॅटरीबद्दल मात्र मी कडक राहिलो. दोन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर; पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. चालवताना सेल ३.२ च्या खाली उतरू द्यायचा नाही, म्हणून तो अलार्म. दीड हजार एमएएचची बॅटरी दीड अँपिअरवर भरली की तासाभरात होते. घाईत त्याच्या वर जायचं नाही. चार्जिंगला लावून शेतावर निघून जायचं नाही, आणि लाइट रात्री येते म्हणून उशाशी लावून झोपायचं तर नाहीच. ताईने अंगणातला एक फुटका माठ दिला, त्यात वाळू घातली, बॅटरी त्यात ठेवूनच भरायची. उन्हाळ्यात इथे पारा ४३-४४ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवणं म्हणजे ती फुगवणं. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, दाबून हवा काढायचा प्रयत्न तर मुळीच नाही. वापर नसेल तेव्हा सेल ३.८ व्होल्टवर ठेवायचा. दाजींना हे सगळं अती वाटलं. मी त्यांना जळणाऱ्या लायपोचा व्हिडिओ दाखवला, मग त्यांनीच माठ घरापासून आणखी दूर नेला.

पहिले दिवस रिमोटवरचा वेगाचा खटका निम्म्यावर ठेवून मुरुमावर गेले. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्या हमखास चुकीकडे वळवतो. हे डोक्याने कळतं, बोटाला कळायला वेळ लागतो. म्हणून दोन विटा ठेवून आठच्या आकड्यात फिरवायची, कंटाळा येईपर्यंत. बघायला पोरं जमली. एक आजोबा काठी टेकत थांबले आणि त्यांनी विचारलं, “कितलाले लिन्ही?” भाच्याने चार हजार सांगितले. खरा आकडा गावात सांगायचा नसतो एवढं व्यवहारज्ञान त्याच्याकडे आहे.

आर्म मोडला तो अपेक्षेप्रमाणे, वेगाचा खटका पूर्ण वर गेला त्याच संध्याकाळी, ओट्याच्या कोपऱ्यावर. पुढचं चाक आडवं लोंबकळत होतं. त्याने आकृती काढली, नंबर जुळवला, पिशवी फोडली. पिन काढली, तुटलेला आर्म सोडवला, नवा बसवला, टाय रॉड अडकवला, चाक सरळ आहे का हे डोळा जमिनीला लावून बघितलं. ताईचा चहा व्हायच्या आत गाडी परत मुरुमावर. यात्रेतल्या गाडीचा याच जागी शेवट झाला असता. मोडलेला आर्म त्याने टाकला नाही; कुठून तुटला ते बघत बसला. पिनेच्या भोकापाशी, जिथे प्लास्टिक सर्वात पातळ आहे तिथे.

कापसाने मात्र वेचणी सुरू झाल्यावर आपलं म्हणणं खरं केलं. मागचं चाक जड फिरू लागलं. काढून बघितलं तर अ‍ॅक्सलभोवती पांढऱ्या तंतूंचा घट्ट दोरा झालेला, आणि त्याखाली बेअरिंगचं रबराचं झाकण एका बाजूने उचललेलं. ब्लेडने दोरा कापून काढावा लागला. बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ग्रीस नाही, ग्रीसला धूळ चिकटते आणि तिची पॉलिश पेस्ट होते. आता दर रविवारी चारही चाकं उतरतात. कपाशीच्या वावराकडे गाडी नेणं त्याने आपणहून बंद केलं. उसाचं पाचट त्या मानाने सभ्य. ते दिसतं आणि हाताने निघतं.

वहीतले पंधराशे अजून शिल्लक आहेत. त्यांत आणखी भर घालून ब्रशलेस संच घ्यावा असं भाच्याच्या मनात पुन्हा आलंय. मी त्याला पुढची ओळ लिहायला सांगितली : ब्रशलेस घेतली तर धातूचे डिफ गिअर, ते घेतले तर मधला शाफ्ट, तो घेतला तर मोठ्या सी-रेटिंगची, म्हणजे एका वेळी जास्त करंट देणारी बॅटरी. त्याने बेरीज केली, वही मिटली, आणि त्या फडताळवाल्या दुकानदाराला फोन करून मागचे टायर, दोन पिनियन आणि बेअरिंगचा एक संच सांगितला. पत्ता या वेळी शहाद्याचाच दिला.